दातांना कातडी असते का? ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ नेमकं कुठं वापरायचं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका लहान गावात राहतो. शेती आहे, आणि संध्याकाळी देवळाच्या पडवीत दहावीच्या मुलांचं इंग्रजी घेतो. पोरं मराठी माध्यमाची. घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, आणि इंग्रजी भेटतं ते पुस्तकापुरतं.

परवा वाक्प्रचार घेत होतो. ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ आला. मी फळ्यावर अर्थ लिहिला, ‘थोडक्यात बचावणे’, आणि पुढच्या ओळीकडं वळलो. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. ‘सर, दाताला कातडी कुठं असते?’ बाकीचे हसले. पण तो खरंच विचारत होता, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. हिरडी म्हणावी तर ती दाताच्या मुळाशी, दातावर नाही.

मग वाक्यात उपयोग करायला सांगितला. एका मुलीनं लिहिलं, ‘आय मिस्ड द खानापूर बस बाय द स्किन ऑफ माय टीथ.’ व्याकरणात चूक नाही. तरी वाचताना अडखळलो. का अडखळलो ते सांगता येईना, म्हणून वहीवर ना बरोबरची खूण केली, ना चुकीची. तीन दिवस ते वाक्य डोक्यात आहे.

आणखी एक. ‘बचावलो’ हा शब्द आमच्या गावात कुणाच्या तोंडी नाही. तो पेपरात असतो. बैल उधळला, फांदी मोडली, विहिरीचा कठडा ढासळला, तर आमची माणसं म्हणतात ‘वाचलो’, किंवा म्हातारी माणसं म्हणतात ‘जीव तेवढा उरला’. मुलांना परक्या भाषेतला वाक्प्रचार शिकवताना पेपरातल्या मराठीतून का न्यायचं, आपल्या बोलीतून थेट का नाही, हे मला कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

खडेबाजार

सर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं, आता घरी असतो. बसच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ती चूक फार ठिकाणी दिसते आणि तिचं मूळ आपल्या मराठीत आहे.

आपला ‘थोडक्यात’ दोन्ही बाजूंना चालतो. थोडक्यात वाचला. थोडक्यात हुकला. शतक थोडक्यात हुकलं, अपघात थोडक्यात टळला. अंतर लहान होतं एवढंच तो शब्द सांगतो, माणूस अलीकडं पडला की पलीकडं ते क्रियापद सांगतं. इंग्रजी दातांची कातडी तशी नाही. ती एकाच बाजूला चालते. माणूस सुटला पाहिजे, पोचला पाहिजे, पास झाला पाहिजे, जिंकला पाहिजे. बस मिळाली तर ‘आय कॉट द बस बाय द स्किन ऑफ माय टीथ’ चालेल. बस गेली तर हा वाक्प्रचार तिथंच संपला. तेव्हा ‘आय जस्ट मिस्ड द बस’ म्हणायचं. मुलीनं मनात ‘थोडक्यात हुकली’ धरलं आणि तुम्ही दिलेल्या अर्थावरून त्याचं सरळ इंग्रजी केलं. तिची चूक नाही, अर्थ अर्धा दिला गेला. राग मानू नका, शब्दकोशही तेवढाच देतात.

ज्याला दोन्ही बाजू चालतात असा इंग्रजी वाक्प्रचार हवा असेल तर ‘बाय अ व्हिस्कर’ द्या. व्हिस्कर म्हणजे मांजराच्या मिशीचा केस. त्या अंतरानं जिंकताही येतं, हरताही येतं.

बारीकसारीक नियम: ‘माय’च्या जागी ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’ येतं, पण ‘स्किन’ नेहमी एकवचनी आणि ‘टीथ’ नेहमी अनेकवचनी. ‘टूथ’ कधीच नाही.

‘बचावला’बद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं. एका ओळीच्या मथळ्यात तो बसतो म्हणून आम्ही वापरत राहिलो. मी स्वतः शेकडो वेळा तपासून पुढं पाठवला असेल. घरी मात्र कधी म्हटला नाही.

निपाणीकर

मलप्रभाकाठ सर, या वाक्प्रचाराला मराठीत सगळ्यात जवळची म्हण म्हणजे ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’. आमच्याकडं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं की गाडीवाल्यांच्या तोंडी हीच म्हण असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तो रस्ता पाण्याखाली गेला. पाणी चढायच्या आधी शेवटचा पूल ओलांडून आलेली माणसं चहाच्या टपरीवर बसून हेच बोलत होती.

दुसरी म्हण ‘हातावर तुरी देणे’. आग्र्याहून सुटका म्हटलं की हीच आठवते.

खडेबाजार

निपाणीकर, पहिली म्हण शंभर टक्के बरोबर, पण ती फक्त जिवावरच्या प्रसंगाला. गणितात काठावर पास झालेल्या मुलाला ‘काळ आला होता’ म्हणणार नाही. इंग्रज त्यालाही दातांची कातडी म्हणतो. तिथं आपलं ‘काठावर पास’ जास्त नेमकं. पास-नापासाच्या काठावर एक पाय आत, एक बाहेर, असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

‘हातावर तुरी’ मात्र वेगळीच गोष्ट. तिथं अंतर किती कमी होतं हा मुद्दाच नाही. पहारा होता, पहारेकरी जागे होते, आणि त्यांना गंडवून माणूस निघून गेला. इंग्रजीत त्याला ‘टू गिव्ह समवन द स्लिप’. १६६६ चा आग्रा हा तसा प्रसंग. आखून, तयारी करून, पाळत ठेवणाऱ्यांच्या नजरेसमोरून.

दातांच्या कातडीचा प्रसंग हवा असेल तर सहा वर्षं मागं जा, १६६० च्या जुलैत, पन्हाळ्यावर. सिद्दी जौहरचा वेढा, पावसाची रात्र, विशाळगडाची वाट, आणि पाठलाग मागं लागलेला. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले नसते तर पुढचं काही झालं नसतं. मुलांना ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून दाखवा सर. दोन्ही सुटका एकाच माणसाच्या, पण इंग्रजीत वाक्प्रचार दोन निराळे लागतात. हे एकदा कळलं की पोरं विसरणार नाहीत.

घटप्रभेची सून

मी माहेरची खानापूर तालुक्यातली, सासर गोकाककडं. घरी कन्नड, त्यामुळं दोन्ही भाषा रोज कानावर. कन्नड पेपरात अपघाताच्या बातमीला ठरलेला शब्द असतो: ‘कूदलेळे अंतरदल्ली पारु’. कूदलु म्हणजे केस, एळे म्हणजे तंतू. केसाच्या एका तंतूएवढ्या अंतरानं पार. ‘पारु’ तर आपलाच ‘पार’.

म्हणजे सर, तुमच्या मुलांना मराठीतून कळत नसेल तर कन्नडमधून लगेच कळेल. इथल्या प्रत्येक मुलानं बस स्टँडवर लटकवलेल्या पेपरात हा मथळा पाहिलेला असणार.

वडगावचा माग

ताईंनी एळेचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमचं घर विणकरांचं, वडील शहापूर-वडगावकडच्या साड्या विणत. कन्नड बोलणारे विणकर मागावरच्या एकेका सुताला एळेच म्हणतात. ताण्यातलं एक सूत तुटलं तर साडीत रेघ उमटते, म्हणून हात थांबवून ते सांधायचं. केसाची एळे आणि सुताची एळे, शब्द तोच. आता कुठं कळलं की पेपरातल्या त्या मथळ्यात आमच्या मागाचा शब्द आहे.

खानापूर रोड

इंग्रजी म्हणींचा एवढा कीस कशाला? आधी मुलांना मराठी म्हणी येऊ देत. या भागात मराठी शाळांचे काय हाल आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

मलप्रभाकाठ

तुमची कळकळ समजते. पण या पोरांना दहावीनंतर बेळगावात यायचंय, तिथं इंग्रजी अडवतं. आणि इंग्रजी म्हण समजावताना मला चार मराठी म्हणी काढाव्या लागतात, हे या धाग्यातच दिसतंय. माझ्या पडवीत मराठी कमी होत नाही.

कॅम्पवासी

सर, मूळ प्रश्नावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. दाताची कातडी. मी बेळगावच्या कॅम्प भागातली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं जातं, आणि हा वाक्प्रचार तिथूनच आलाय, म्हणून मला त्याबद्दल बोलायचा थोडा हक्क वाटतो.

जुन्या करारात ईयोबाचं पुस्तक आहे. ईयोब मोठा सधन माणूस. सात मुलगे, तीन मुली, मेंढरं, उंट, बैल. एकामागून एक सगळं जातं. गुरं लुटली जातात, वादळानं घर कोसळून मुलं दगावतात, मग त्याच्या अंगभर गळवं उठतात. भेटायला आलेले मित्र धीर द्यायचं सोडून, ‘तुझंच काहीतरी पाप असेल,’ म्हणून त्यालाच बोल लावतात. त्यांना उत्तर देताना एकोणिसाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात तो म्हणतो की माझी हाडं कातडीला आणि मांसाला चिकटलीत, आणि मी दातांच्या कातडीनिशी सुटलो आहे.

मूळ हिब्रूतही तेच दोन शब्द आहेत, ‘ओर’ म्हणजे कातडी आणि ‘शेन’ म्हणजे दात. पण तुमच्या विद्यार्थ्याला जो प्रश्न पडला तोच भाषांतरकारांनाही पडला होता. लॅटिन भाषांतरात ‘दातांभोवतीचे ओठ तेवढे उरले’ असा अर्थ केला. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजीत ‘दातांभोवतीची कातडी उरली’ असं आलं. १५६० च्या जिनीव्हा भाषांतरानं शब्दाला शब्द ठेवला, दातांची कातडी, आणि १६११ च्या किंग जेम्स भाषांतरानं तोच उचलला. तिथून तो लोकांच्या तोंडी बसला. काही म्हणतात हिरड्या, काही म्हणतात ईयोबाला मुद्दामच नसलेली वस्तू सांगायची होती: माझ्याजवळ जे उरलं ते इतकं की दाताला जेवढी कातडी असते तेवढं. मला स्वतःला हा दुसरा अर्थ पटतो, कारण त्या माणसाची अवस्थाच तशी आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढं आहे. जुन्या इंग्रजीत तिथं ‘बाय’ नाही, ‘विथ’ आहे. ‘आय ॲम एस्केप्ड विथ द स्किन ऑफ माय टीथ.’ अंतर किती राहिलं हे ईयोब सांगतच नाही. काय घेऊन सुटलो ते तो सांगतोय. लोकांच्या वापरात ‘विथ’ जाऊन ‘बाय’ आला, आणि ‘जवळ काय उरलं’ याचं ‘किती थोडक्यात’ झालं. मुलांच्या परीक्षेला ‘बाय’च लिहायचं, त्यात शंका नाही. मूळ दुःख मात्र ‘विथ’मध्ये आहे.

तुमच्या गावातली माणसं ‘जीव तेवढा उरला’ म्हणतात ना सर? ईयोब तेच म्हणतोय.

घटप्रभेची सून

कॅम्पवासी ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाकला घटप्रभा आणि मार्कंडेय, दोन्हीचं पाणी एकदम आलं. आमचं घर नदीपासून लांब समजायचो. रात्री अंगणात पाणी, पहाटे उंबऱ्याच्या वर. दीर खांद्यावर पोराला घेऊन पुढं, मी सासूबाईंचा हात धरून मागं. त्यांनी दारात एकदा वळून बघितलं. कणगीत वर्षाची जोंधळ्याची बेगमी होती, त्यांच्या आईनं दिलेली तांब्याची घागर होती, वासरू दोरीला होतं. ते सोडायला सासरे माघारी गेले, तेवढं सोडून आले.

शाळेत आसरा मिळाला. तिथं सासूबाई येईल त्याला एकच वाक्य सांगायच्या, ‘उट्ट बट्टेयल्ले होरगे बंद्वी.’ नेसलेल्या कपड्यातच बाहेर आलो. ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकत होते. आज तुमचं ‘विथ’ वाचलं आणि कळलं की त्या तेच सांगत होत्या. पाणी किती इंच खाली राहिलं, किती मिनिटांनी सुटलो, हे त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही. अंगावर काय होतं तेवढंच सांगितलं.

आणि आपल्या मराठीत यासाठी शब्द आहेच की. माझी आजी म्हणायची, ‘नेसत्या लुगड्यानिशी’. पुस्तकात ‘नेसत्या वस्त्रानिशी’ असतं. तुम्ही ईयोबाच्या वचनाला ‘कातडीनिशी’ लिहिलंत ताई, ते तुम्ही मुद्दाम लिहिलंत की आपोआप आलं?

कॅम्पवासी

आपोआप आलं. तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘विथ’ला ‘सह’ लिहिलं तर ते कागदी होतं, ‘सोबत’ लिहिलं तर दुसरा माणूस बरोबर असल्यासारखं वाटतं. ‘निशी’ लागला की बाकी सगळं गेलं हे न सांगता समजतं. ‘नेसत्या वस्त्रानिशी’ ऐकल्यावर कुणी विचारत नाही की घराचं काय झालं.

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

खडेबाजार

सूनबाईंचं लिहिणं वाचून मलाही थांबावं लागलं. त्या अनुभवापुढं व्याकरण बोलणं जड जातं. पण सरांना मुलांना शिकवायचंय, म्हणून एक मतभेद नोंदवतो.

ईयोबाचं ‘विथ’ आणि आपलं ‘निशी’ हा शोध सुंदर आहे. तरीही ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’चं भाषांतर म्हणून मुलांना ‘नेसत्या वस्त्रानिशी’ देऊ नका. आजच्या इंग्रजीत तो वाक्प्रचार हलका झालाय. सामना शेवटच्या चेंडूवर जिंकला, निवडणूक चार मतांनी जिंकली, पेपर वेळेत दिला, सगळीकडं चालतो. त्यात काही गमावलेलं असावंच लागत नाही, बहुतेक वेळा नसतंच. पूरग्रस्त माणसाबद्दल आज कुणी इंग्रजीत हा वाक्प्रचार वापरला तर वाचणाऱ्याला वाटेल की माणूस सुटला, बरं झालं. घर गेलं हे त्यात पोचणार नाही. सूनबाईंच्या सासूबाईंचं वाक्य इंग्रजीत न्यायचं तर ‘विथ नथिंग बट द क्लोद्स ऑन देअर बॅक्स’ असं न्यावं लागेल. पाहा, तिथं ‘विथ’ परत आला.

मराठीत दोन्हीच्या मधली एक म्हण आहे, तीही विसरू नका: ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’. जनावराचा जीव जायचा तो शेपूट देऊन वाचला. सुटकाही आहे आणि किंमतही आहे, पण किंमत लहान. मोटारसायकल घसरली, आरसा फुटला, माणूस उठून कपडे झटकतोय, तिथं ही म्हण. इंग्रजीत हिच्या तोडीचं मला आजवर सापडलेलं नाही.

निपाणीकर

मग ‘आगीतून फुफाट्यात’चं काय? तीही सुटकेचीच ना. इंग्रजीत ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर’.

घटप्रभेची सून

कन्नडमध्ये इंग्रजीसारखंच, ‘बाणलेयिंद बेंकिगे’. कढईतून आगीत. आपलं उलटं, आगीतून निघाला आणि तापलेल्या राखेत पडला. मला आपलं जास्त खरं वाटतं. आग दिसते, तिच्यात कुणी जाणूनबुजून जात नाही. फुफाटा वरून राखेसारखा शांत दिसतो, पाय पडल्यावर कळतो. चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईनं ही म्हण केली असणार.

वडगावचा माग

माझा एक प्रश्न. माझा मुलगा वकिलीचं शिकतो. तो म्हणाला की एखादा आरोपी सुटला की इंग्रजीत ‘गॉट ऑफ स्कॉट-फ्री’ म्हणतात. हे स्कॉटलंडवरून आलं का? आणि मराठीत ‘निर्दोष सुटला’ म्हणायचं का?

खडेबाजार

स्कॉटलंडचा काही संबंध नाही. ‘स्कॉट’ हा जुना शब्द, उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या ‘स्कोट’शी नातं सांगणारा. अर्थ वर्गणी, पट्टी, कर. ज्याला ती पट्टी भरावी लागली नाही तो स्कॉट-फ्री. म्हणून दोन ‘टी’ लावून कुणा स्कॉट नावाच्या माणसासारखं लिहू नये, तसं लिहिलेलं पुष्कळ दिसतं.

दुसरा प्रश्न मात्र गंभीर आहे, तुमच्या मुलाला नीट सांगा. ‘निर्दोष सुटला’ हा न्यायालयाचा निकाल. ‘स्कॉट-फ्री’ हा बोलणाऱ्याचा आरोप. त्यात गृहीत धरलेलं असतं की यानं केलं होतं, शिक्षा व्हायला हवी होती, आणि झाली नाही. ज्याला न्यायालयानं निर्दोष ठरवलं त्याच्याबद्दल हा शब्द वापरणं म्हणजे त्याला परत पिंजऱ्यात उभं करणं. भाषांतरात हा घोटाळा होताना मी पाहिलाय, आणि एका माणसाच्या घरापर्यंत त्याची झळ गेलेलीही पाहिली आहे. मराठीत जवळचा शब्द ‘नामानिराळा राहिला’ किंवा सरळ ‘करून सवरून मोकळा’. ‘सहीसलामत’ही नको. तो शब्द इजा झाली नाही एवढंच सांगतो, दोषाबद्दल काही बोलत नाही.

वडगावचा माग

मुलाला वाचून दाखवलं. त्यानं वहीत उतरवून घेतलं.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार मानतो आणि पडवीत काय झालं ते सांगतो.

आधी बसचं वाक्य. खडेबाजार काकांनी सांगितलेलं ‘थोडक्यात वाचला, थोडक्यात हुकला’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं. त्या मुलीला मी काही बोलायच्या आधीच कळलं. तिनं ‘मिस्ड’ खोडून ‘कॉट’ लिहिलं. मग म्हणाली, ‘पण सर, त्या दिवशी बस खरंच चुकली होती.’ मी म्हटलं, मग ‘आय जस्ट मिस्ड’ लिही, खरं तेच लिहायचं. तिनं दोन्ही वाक्यं ठेवली.

कूदलेळे म्हटल्याबरोबर निम्मे हात वर आले. ताई, तुमचा अंदाज बरोबर होता. पन्हाळा आणि आग्रा यांवर अर्धा तास गेला, कारण दोन पोरांचं म्हणणं पडलं की आग्र्यालाही थोडक्यातच सुटका झाली. वाद मिटला नाही. मी मिटवलाही नाही.

ईयोबाची गोष्ट सांगितली. आमची पडवी मारुतीच्या देवळाची, पण पोरं एकदम शांत बसून ऐकत होती. घागरीची आणि वासराची गोष्टही सांगितली, नाव-गाव न घेता. मग घरी जाऊन एक काम करायला सांगितलं: आजी-आजोबांना विचारा, तुम्ही कधी मरता मरता वाचलात, आणि ते जे वाक्य बोलतील ते जसंच्या तसं लिहून आणा. शुद्ध करू नका.

सतरा वाक्यं आली. ‘बचावलो’ एकातही नाही. ‘वाचलो’ नऊ ठिकाणी. तीन ठिकाणी ‘उरलो’. हे बघून मला पहिल्यांदाच जाणवलं की आपल्या ‘वाचणे’तही हा दुहेरी अर्थ आहे. जीव वाचला आणि चार पैसे वाचले, दोन्हीकडं क्रियापद एक. जे वाचलं ते शिल्लक राहिलं.

दाताच्या कातडीचा प्रश्न ज्यानं विचारला होता, त्याचे आजोबा भीमगडच्या जंगलाकडच्या वस्तीवर राहायचे. आमच्या या पट्ट्यात गवे आणि अस्वलं शेतापर्यंत येतात. आजोबा पावसात खांद्यावर घोंगडी घेऊन राखणीला गेले होते. मागून अस्वल आलं. पंजा घोंगडीत अडकला, आजोबांनी घोंगडी सोडली आणि बांधावरून खाली उडी टाकली. नातवानं त्यांचं वाक्य आणलं होतं ते असं: ‘अस्वलानं घोंगडं नेलं, मी राहिलो.’

त्यानं ते इंग्रजीत लिहायचा प्रयत्न केला होता. ‘माय ग्रँडफादर एस्केप्ड विथ द स्किन ऑफ हिज टीथ.’ ‘विथ’ लिहिलं होतं. मी विचारलं, पुस्तकात काय आहे? म्हणाला, ‘पुस्तकात बाय आहे सर. पण आजोबांजवळ काहीच राहिलं नव्हतं, घोंगडीसुद्धा नाही.’

मी त्याच्या शब्दाला हात लावला नाही. खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं: परीक्षेत ‘बाय’.